हडकुळ्याचा खुराक

तुरुंगाच्या आचाऱ्याला सगळे काका म्हणत. माणूस तोंडाळ, हाताला चव, आणि बढाया मारण्यात कुणाला हार न जाणारा. “माफीची बातमी साहेबांच्या आधी माझ्या चुलीला कळते,” असं तो छाती फुगवून सांगायचा. त्यात तथ्यही होतं. तिथे फाशीच्या कैद्याला जेमतेम पोटापुरतं मिळे. शिक्षा कमी होऊन जन्मठेप झाली, की आता याच्याकडून काम करून घ्यायचं म्हणून डॉक्टर त्याचा खुराक वाढवत. काकाने हे नोकरीत दोनदा पाहिलं होतं.

म्हणून डॉक्टर स्वतः स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, “त्या हडकुळ्याला दूध, अंडी, फळं चालू करा. मीठ कमी, सिगारेट अजिबात नको,” तेव्हा काकाचे डोळे भरून आले. हडकुळ्या म्हणजे फाशीच्या कोठडीतला पोरगा. त्याने खून केला असं कोर्ट म्हणत होतं, नाही केला असं त्याची आई. काकाचा विश्वास आईवर होता.

मग काय, काका हात धुऊन त्याच्या मागे लागला. पेला रिकामा होईपर्यंत गजांपाशी उभा राहायचा. “घे की घोट, लाजतोस काय नव्या नवरीसारखा!” पोरगा हसायचा. हळूहळू त्याच्या गालांवर मांस चढलं. डॉक्टर सारखं त्याचं रक्त तपासत, वजन बघून खूश होत. कैद्याची इतकी काळजी घेणारा डॉक्टर त्या तुरुंगात आजवर कुणी पाहिला नव्हता, आणि काकाला त्यात काहीच खटकलं नाही.

भेटीच्या दिवशी आई आली, ती जाताना स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी घुटमळली.

“धाकटीचे दिवस भरलेत, काका. परगावी एकटीच आहे पोर. पण मी तिकडे गेले आणि इथं काही झालं तर?”

काकाने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. “ताई, जीव टांगणीला लावू नका. तुमचा मुलगा वाचला. मी सांगतो ना! निवांत बाळंतपण उरकून या.”

तिने त्याचे हात घट्ट धरले आणि तिथेच रडली. त्या दिवशी काका घरी गेला तो तरंगतच.

मग एका संध्याकाळी तो दूध घेऊन गेला, तर पोरगा भिंतीला टेकून बसलेला. “उद्या पहाटे आहे म्हणे,” तो म्हणाला. फाशीच्या तारखेची नोटीस आईच्या कुलूप लावलेल्या दारावर चिकटवून शिपाई केव्हाच परतले होते. “आई येतेय ना, काका?”

“येतेय,” काका म्हणाला.

सकाळी रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर स्वयंपाकघरात आला. “बर्फ द्या हो थोडा. दोन पेट्या आहेत, आणलेला पुरत नाहीये.”

पहाटेच फाशी उरकली होती. बर्फ फोडून देता देता काकाने विचारलं, “कसल्या पेट्या?”

“किडनी, लिव्हर. मोठ्या दवाखान्यात बडं गिऱ्हाईक टेबलावर आहे. डॉक्टरांनी खाऊपिऊ घालून एक नंबर माल तयार केलाय म्हणे.”

काका तसाच साहेबांकडे धावला. साहेबांनी मानही वर केली नाही. “तुम्ही चूल सांभाळा,” एवढंच म्हणाले. त्यांचा वाटा त्यांना पोचला असणार. हलकट साले सगळे! पण काकाला सगळ्यात जास्त राग आला तो स्वतःच्या जिभेचा.

काही दिवसांनी आई आली. परस्पर लेकीकडूनच आली होती, चेहरा आनंदाने फुललेला. “मुलगा झाला धाकटीला! आधी त्याला सांगते, मामा झालास म्हणून. तुम्ही म्हणालात तशी अगदी निवांत आले बघा.”

काकाने तिला आत नेऊन स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. खुराकाचं, पेट्यांचं, बर्फाचंही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“माझी वाट बघितली का त्यानं?”

“बघितली,” काका म्हणाला. “रात्रभर दाराकडे तोंड करून बसला होता म्हणे. मीच सांगितलं होतं त्याला, आई येतेय म्हणून.”