मी रिकामी ठेवलेली खुर्ची

हे मी आजवर कोणापाशीही उच्चारलेले नाही. पत्नीपाशी नाही. देवापाशीही नाही, कारण देवापुढे उभा राहिलो की मी सवयीने इतरांचीच गाऱ्हाणी मांडू लागतो. तुम्हाला सांगतो आहे, कारण आता माझा मलाच वीट आला आहे.

आधी माझे काम सांगतो. इथे सिंगापुरात खासदार आठवड्यातून एका संध्याकाळी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत रहिवाशांना भेटतात. कोणाला मुलाचा शाळाप्रवेश हवा असतो, कोणाचा वरच्या मजल्यावरून पाणी गळण्याचा तंटा. त्यांचे म्हणणे ऐकून सरकारी खात्यांना खासदारांच्या सहीने जाणारे पत्र लिहिणारे आम्ही स्वयंसेवक. आणि त्यांत सर्वांत जुना मी. शिक्षण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत — पुढे झाले नाही. पत्नी बँकेत अधिकारी. तिच्या नोकरीमुळे मी इथे आलो, नागरिक झालो, बुकित पंजांग वस्तीतल्या फ्लॅटमध्ये घरी बसलो. या टेबलावर मात्र मी 'रायटर अंकल' होतो. रांगेतल्या कोणाचा नंबर कोणत्या टेबलाकडे पाठवायचा, तेही मीच ठरवीत असे. एवढा मान मला दुसरीकडे कोण देणार होते?

मग जोएल आला. तिशीही न गाठलेला, सहा फुटांहून उंच, आणि काळा — हा शब्द मुद्दाम लिहितो, कारण माझ्या मनात तोच होता. वडील घानाचे, आई इथली तमिळ. जन्म इथला, लष्करी सेवाही इथेच झालेली. तरीही दर आठवड्याला कोणीतरी विचारी, ''हा कुठून आला?'' आणि तो न कंटाळता सांगे, ''इथूनच, अंकल. पाच बस स्टॉप पलीकडून.'' त्याला राजकारणात यायचे होते, आणि ते तो लपवीत नसे. स्वतःला उघडपणे कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवी. कुटुंब आधी, सरकार नंतर. मागण्यापूर्वी माणसाने स्वतः काय केले, ते विचारावे. त्याच्या वयाची मुले त्याला हसत.

वैताग याचाच येतो की त्याचे प्रत्येक मत माझेही मत होते! निदान मतभेद असता, तर आज त्याच्या आड उभा राहिलो असतो. पण मी तर मान डोलावीत होतो. मग मला काय खुपले?

त्याची पत्रे खुपली. माझे पत्र अडीच पानांचे. प्रास्ताविक, पार्श्वभूमी, विनंती, पुनर्विनंती. त्याचे अर्ध्या पानाचे. आणि त्याच्या पत्रांना उत्तरे लवकर येत. लोकांच्या ते ध्यानात आले. एका संध्याकाळी एक चिनी आजी माझ्यासमोर उभ्याच राहिल्या.

''तो उंच मुलगा कुठे? मला त्याच्याकडे बसायचंय.''

''तो बिझी आहे, आंटी.''

''बिझी कुठे? तो बघ, रिकामा बसलाय. तुझं पत्र फार लांब! मागच्या वेळी साहेबांचा चहा गार झाला, तरी तुझं पहिलं पान संपेना.''

आसपासचे हसले. मीही हसलो — आणि आजींना तिसऱ्या टेबलाकडे पाठवले.

त्यानंतर मी त्याच्याकडे जवळजवळ कोणालाच पाठवले नाही. एक-दोन आठवडे नव्हे; अनेक महिने. तो वेळेवर येई, कागद नीट लावी, समोरच्या खुर्चीकडे पाहत बसे. मधूनच विचारी, ''आज गर्दी कमी का, अंकल?'' गर्दी कमी नसे. त्याला ते दिसत नव्हते का?

पुढे खासदारांच्या पक्षाच्या शाखेच्या सचिवांनी मला बाजूला घेतले. जोएलचे नाव वर पाठवायचे होते. पुढच्या निवडणुकीसाठी तरुणांच्या मुलाखती होणार होत्या. ''लोक त्याला स्वीकारतील का? तुम्ही सर्वांत जवळून पाहता.'' मी उसासा टाकला — तोही बेतून — आणि म्हणालो, ''मुलगा गुणी आहे, सर. पण लोक त्याच्यासमोर बसत नाहीत. माझे काही म्हणणे नाही, लोकांचे सांगतो.''

लोकांचे! एकाही रहिवाशाने मला तसे म्हटले नव्हते. त्याच्याकडेच बसायचे म्हणून मागे लागणारे मात्र मी स्वतः परतवले होते. सचिवांनी मान हलवली. नाव गेले नाही.

काही आठवड्यांनी जोएल निरोप घ्यायला आला. आता तो जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. राजकारणाचे नाव काढत नाही. त्या दिवशी त्याने एकच विचारले, ''अंकल, खरं सांगा. माझ्या रंगामुळे लोक येत नव्हते का?''

खरे सांगायला मला एक वाक्य पुरले असते. मी म्हणालो, ''लोकांना वेळ लागतो, बाळा.'' त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला, माझे आभार मानले, आणि गेला.

आपल्याच वस्तीने आपल्याला नाकारले, असे तो आजही मानतो. वस्तीला याची खबरही नाही. नाकारणारा माणूस एकच होता, आणि त्याला कारण ठाऊक होते.