औषधाआधीची घागर

बहात्तरच्या दुष्काळात पारनेर तालुक्यातल्या एका गावाचं उपकेंद्र माझ्याकडे होतं. उपकेंद्र म्हणजे चावडीला लागून एक खोली, एक टेबल आणि मी. वय बावीस. श्रीरामपूरच्या ख्रिस्ती घरातली मुलगी, नर्सचा कोर्स नुकताच संपवलेली. अक्कल कमी आणि शिस्त फार, असं तेव्हाचं माझं एकंदर रूप होतं.

रोज उजाडता उजाडता टँकर यायचा आणि गावच्या विहिरीत पाणी ओतून जायचा. विहीर केव्हाच आटलेली, तिचा नुसता हौद झाला होता. टँकर गेला की माझी पाळी. एका बादलीत ब्लीचिंग पावडर कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्यायची आणि ती दोराने विहिरीत सोडून हेंदकाळायची. त्यानंतर तासभर कुणी पाणी शेंदायचं नाही. पावडरीला मापाचा चमचा होता, पण मी दर वेळी थोडी जास्तच टाकायची. शेजारच्या गावात पटकीने माणसं गेली होती आणि मला माझ्या गावातलं एकही माणूस जाऊ द्यायचं नव्हतं. त्या पाण्याला असा वास यायचा की तांब्या तोंडाजवळ नेला तरी दवाखान्यात शिरल्यासारखं वाटावं. बायका मला शिव्या घालायच्या, आणि माझ्या पाठीमागे घालण्याइतक्या त्या भिडस्त नव्हत्या.

मी जिच्याकडे खोली घेऊन राहत होते तिला मावशी म्हणायची. चाळिशीची, नवरा नगरला हमालीला गेलेला, घरात ती आणि तिची अठरा वर्षांची लेक. लेकीचं लग्न ठरलं होतं, ते दुष्काळामुळे पुढे ढकललं होतं, आणि तोवर ती गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला जायची. पहिला महिनाभर माझा पेला मावशीच्या घरात वेगळ्या कोनाड्यात होता. मग एके दिवशी तो इतर भांड्यांत मिसळलेला दिसला.  त्या दिवसापासून मी त्या घरावर जीव टाकायला लागले.

मावशीकडे एक म्हैस उरली होती. दूध शेरभर, कधी तेवढंही नाही. पण तिच्या दह्याचं गावात नाव होतं. विरजण म्हणून ती वेगळं काही ठेवायची नाही. एकच काळं मातीचं गाडगं, कधी न घासलेलं, नुसतं पाण्याने हिसळायचं आणि त्यात कोमट दूध ओतायचं. सकाळी सुरीने कापावं असं दही. तिच्या सासूच्या वेळेपासून ते गाडगं चालत आलं होतं. रेशनवर तेव्हा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी घशाखाली उतरायची नाही, ताकात कुस्करली तरच उतरायची. एवढ्या एका गोष्टीवर त्या घरातलं दुपारचं जेवण चालायचं.

आल्या आल्या मी चावडीवर भाषण दिलं होतं. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, ते जिवंत असतात, औषध त्यांना मारतं. पुरुष मंडळी माना डोलवत विडी ओढत बसली. न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल पोरीने एवढ्या खात्रीने बोलावं याची त्यांना गंमत वाटत होती. मावशी मात्र घरी आल्यावर म्हणाली, “बाई, ते जंतू म्हंता, ते आमच्या दह्यात बी असतील की. त्याबिगर दुधाचं दही कसं हुतंय?”

मी हो म्हटलं. दह्यातले चांगले असतात, हेही सांगितलं. ट्रेनिंगला आम्हाला सूक्ष्मदर्शकातून ते दाखवले होते, बारीक काड्यांच्या माळा. माझं बोलणं कुणाला तरी नीट कळलं म्हणून मी खूष झाले होते.

आठ दिवसांनी तीच मावशी गाडगं घेऊन माझ्या दारात उभी राहिली. आतलं दूध दूधच होतं, वर थोडं पिवळट पाणी सुटलेलं. दही न लागण्याचा तो तिसरा दिवस होता. शेजारणीकडून विरजण आणून पाहिलं, तेही लागलं नव्हतं.

“तुमचं औषध जंतू मारतंय म्हंता. मग त्याला आमचा कोंचा आन् वाईट कोंचा हे कसं कळावं?” ती म्हणाली. “गाडगं त्या पान्यानं हिसळलं की दह्याचा जीव जातुय. मला घागरभर पानी औषधाच्या आदी काढू द्या. निस्तं गाडग्यापुरतं.”

अख्ख्या तालुक्यात माझा धडा इतका अचूक शिकलेलं दुसरं माणूस नसेल, आणि माझ्याच धड्याने तिने मला कोंडीत पकडलं होतं. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशीही नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी लेक कामावरून आली, मिलोची कोरडी भाकरी पाण्याशी चावत बसली, आणि मला हसून म्हणाली, “बाई, तुमच्या जंतूंपरीस ही भाकरच आमाला मारनार बगा.” मी त्याच दिवशी कबूल झाले. अट घातली की ते पाणी प्यायचं नाही, भाकरीच्या पिठात घालायचं नाही, फक्त गाडग्याला वापरायचं. मावशीने गाडग्यावर हात ठेवून शपथ घेतली.

तेव्हापासून रोज सकाळी माझी बादली विहिरीत उतरायच्या आधी मावशीची घागर वर यायची. आम्ही दोघीच असायचो तिथे. ती घागर पदराखाली धरून निघून जायची आणि मी पावडर कालवायला बसायची. चौथ्या दिवशी दही लागलं.

आता जे सांगायचं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. महिनाभर झाला असेल. दुपारी मावशीने मला ताकाचा पेला दिला. मी एक घोट घेतला आणि थांबले. ताकाला औषधाचा वास नव्हता. गाडगं कोणत्याही पाण्याने हिसळा, ताक घुसळताना त्यात पाणी घालावंच लागतं, आणि दुष्काळातल्या ताकात तर दह्यापेक्षा पाणीच जास्त. आधीच्या ताकाला तो वास असायचा. या ताकाला नव्हता. म्हणजे घागरीतलं पाणी ताकात आलं होतं. मला हे एका घोटात कळलं. मावशी माझ्याकडे बघत होती. तिलाही कळलं की मला कळलं.

मी उरलेला पेला पिऊन टाकला आणि म्हणाले, “आज ताक छान झालंय.”

का म्हणाले? छान झालं होतं म्हणून म्हणाले. कित्येक दिवसांनी काहीतरी तोंडाला बरं लागलं होतं. मला त्या बाईशी भांडायचं नव्हतं, आणि माझा पेला पुन्हा वेगळ्या कोनाड्यात जायला नको होता. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं आहे. मिळालेलं नाही.

त्याच सुमारास पटकीच्या सुया टोचायचं काम सुरू झालं. सुई घेतली की दंड सुजायचा, दोन दिवस पाटी उचलता यायची नाही. लेकीने दोनदा हुलकावणी दिली. आईला मात्र घेतली म्हणून सांगितलं. मला म्हणाली, “पुढच्या बाजारच्या दिवशी नक्की घेते, आईला बोलू नका.” मी बोलले नाही.

त्या बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी मावशीने मला हाक मारली. लेक पडवीत पडली होती. पहाटेपासून उलट्या आणि जुलाब चालू होते, जुलाब तांदळाच्या धुवणासारखे. डोळे खोल गेलेले, हातांची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. पुस्तकात वाचलेलं सगळं एकेक करून समोर होतं. मी पाणी उकळून मीठ-साखर घालून चमच्याने पाजत राहिले, ते बाहेर येत राहिलं. कामावरच्या ओव्हरसियरची जीप मिळाली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, पाय मावशीच्या. वाटेत एकदा तिने मला खुणेने वाकायला सांगितलं. आवाज बसला होता.

“सुई चुकवली ते आईला सांगू नका,” ती म्हणाली.

तालुक्याचा दवाखाना यायच्या आधीच ती गेली. जीप थोडी पुढे गेली तेव्हा मला कळलं. मावशीला आधीच कळलं होतं, तिने पाय कुरवाळायचे थांबवले होते.

दोन दिवसांनी मोठे डॉक्टर चौकशीला आले. ओट्यावर बसून त्यांनी विचारलं, घरात पाणी कुठलं वापरता. मी वही घेऊन शेजारी उभी होते.  ती खरं बोलली असती तर माझी नोकरी त्याच दिवशी गेली असती, आणि जायलाच हवी होती.

मावशी म्हणाली, “औषधाचंच पानी हाय, सायेब. बाई सोताच्या हातानं टाकत्यात. आमच्या घरात दुसरं पानी येत न्हाई.”

माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, मग कारण काय लिहायचं? मी लिहिलं, रोगप्रतिबंधक लस घेतलेली नव्हती. त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मावशीने ऐकलं. तिला तेव्हा कळलं की लेकीने सुई चुकवली होती, आणि ते तिला मी सांगितलं, कागदावर, स्वतःला वाचवायला. तिने मला वाचवलं आणि मी तिच्या पोरीवर ढकललं. मला त्या क्षणी लाज वाटली असं सांगायला आवडलं असतं. तेव्हा मला नुसतं सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली आणि मग गेलीच नाही.

तेच ताक मी प्यायले होते, मावशीही प्यायली होती. आम्हा दोघींना काही झालं नाही, पण आम्ही सुया घेतल्या होत्या. पुढे नोकरीत एका म्हाताऱ्या डॉक्टरांना मी उगाचच विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, आंबट ताकात पटकीचा जंतू सहसा टिकत नाही, पण ताक किती पातळ त्यावर आहे. तलावाच्या कामावर माणसं चरातलं पाणीही प्यायची, ते म्हणाले, तिथूनही झालं असेल. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण मला त्या पेल्यातलं ताक आठवलं, किती पातळ होतं ते.

लेक गेल्यावर मावशीची घागर विहिरीवर यायची बंद झाली. महिनाभर घरात दही नव्हतं. मी मुकाट्याने कोरडी भाकरी खायची आणि माझ्या खोलीत जाऊन प्रार्थनेला बसायची, पण शब्द सुचायचे नाहीत. मग माझी बदली झाली. निघायच्या दिवशी दुपारी मावशीने माझ्यापुढे ताकाचा पेला ठेवला. मला तो उचलवेना.

“प्या,” ती म्हणाली. “औषधाच्याच पान्याचं हाय.”

मी घोट घेतला. वास नव्हता. मी तिच्याकडे बघितलं.

“रातभर परातीत उघडं ठिवलं,” ती म्हणाली. “सकाळी वासच न्हाई. त्या पान्यानं गाडगं हिसळलं तर दही झ्याक लागलं. येवढंच करायचं हुतं, बाई.” मग तिने विचारलं, “तुमाला ठावं हुतं का हे?”

“नाही, मावशी,” मी म्हणाले.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. “मग ऱ्हाऊ द्या. मला रोज वाटायचं, तुमाला ठावं असंल, आन् सांगायचं ऱ्हाऊन गेलं असंल.” पेला रिकामा होईपर्यंत ती तिथे बसून राहिली, मग तो उचलून घेऊन गेली.

मी खोटं बोलले नव्हते. त्या क्षणी मला खरंच ठाऊक नव्हतं. श्रीरामपूरला घरी येऊन ट्रंक उपसली तेव्हा तळाशी ट्रेनिंगची वही निघाली. पाणी शुद्धीकरण हा धडा माझ्याच अक्षरात होता, नीटनेटका, समास सोडून. शेवटची ओळ अशी: क्लोरीनचा वास नको असल्यास पाणी काही तास उघड्या भांड्यात ठेवावे. परीक्षेत येईल म्हणून खाली तांबड्या पेन्सिलीने दोन रेघा मारल्या होत्या. त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते.

मावशीला हे कळवायचं म्हणून मी बऱ्याचदा पत्र लिहायला बसले. तिला वाचता येत नव्हतं, दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, असं म्हणून दर वेळी उठले. नगरहून त्या गावाला थेट एसटी होती. नोकरीभर मी त्याच जिल्ह्यात होते आणि एकदाही तिकीट काढलं नाही. मावशी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली.

आमच्याकडे दही आता पिशवीतलं येतं. तरी रोज संध्याकाळी मी नळाचं पाणी परातीत काढून ओट्यावर उघडं ठेवते. सून सुरुवातीला चिडवायची, आई कुणाची वाट बघतात म्हणून. आता तीही त्या परातीला हात लावत नाही. सकाळी मी उठते, वाकून वास घेते. वास गेलेला असतो. मग ते पाणी झाडांना घालते.