पत्र्यावरची थाप

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकून मला हसू येतं. गाडी बंद पडली तर प्लग साफ करायचा, लिंबू-मिरची बांधत बसायचं नाही, असा माझा स्वभाव. तरीही हे लिहितेय... कारण हे माझ्याच बाबतीत घडलंय.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही भिवंडीजवळ दिघाशीला राहायचो. नवरा ठाण्यात नोकरीला आणि माझी एक छोटी सेकंडहँड व्हॅन. मागची सीट लावली की गणेशपुरीला जाणारी माणसं, काढली की पॉवरलूमवरच्या कापडाचे ताके. बाई भाड्याची गाडी चालवते म्हणून गावात कुजबुज व्हायची. मी कानाडोळा करायचे.

माल चढवायला गावातलेच दामूभाऊ असायचे. ताके छतापर्यंत रचले की आरशात मागचं काहीच दिसत नाही. म्हणून ते मागे बसून पत्र्यावर थाप मारायचे — एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मी त्यांच्या थापांवरच गाडी शिकले.

त्या दिवशी अकलोलीला लग्न होतं. आमची अख्खी आळी तिकडे गेलेली, दामूभाऊसुद्धा. सासूबाईंना ताप होता म्हणून मी घरी थांबले. दुपारी त्यांचं अंग चुलीसारखं तापलं आणि त्या हाकेला ओ देईनात. मदतीला शेजारी माणूस नाही. व्हॅनमध्ये आदल्या दिवशीचे ताके तसेच होते. ते सगळे उतरवायला वेळ कुठे होता? मागच्या दाराजवळचे तेवढे ओढून अंगणात टाकले, सासूबाईंना गोधडीत गुंडाळून उचललं आणि तिथे निजवलं. त्यांना भिवंडीला पोहोचवायचंच आणि मध्ये कुठेही थांबायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. माझ्यामागे ताक्यांची भिंत. सासूबाई मला दिसत नव्हत्या.

रस्ता मोकळा होता. मी गाडी दामटत होते आणि डाव्या बाजूच्या पत्र्यावर थाप पडली. एकच.

पाय आपोआप ब्रेकवर गेला. उतरून पाहिलं तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. मागचं दार उघडलं... सासूबाईंना उलटी झाली होती. त्या उताण्या, तोंड भरलेलं, चेहरा काळानिळा. त्यांना कुशीवर वळवलं, बोटं घालून तोंड साफ केलं. श्वास सुरू झाला तसं मला रडूच फुटलं. त्या परत उताण्या होऊ नयेत म्हणून पाठीला ताका लावला. स्टिअरिंगवर बसते तोच दोन थापा पडल्या. मी घाबरले होते, पण गाडी हाणली ती थेट दवाखान्यात.

डॉक्टर म्हणाले, "कुशीवर वळवलंत म्हणून वाचल्या."

थापा सासूबाईंनी मारल्या म्हणावं, तर त्या बेशुद्ध होत्या आणि त्यांचे दोन्ही हात गोधडीत होते.

संध्याकाळी दामूभाऊ दवाखान्यात आले, लग्नाच्याच कपड्यांत.

"वहिनी, म्हातारी बरी हाय ना?"

"आहे. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी न्हाय." ते खाली बघत म्हणाले, "जेवाया बसलो व्हतो. माझा हात आपसूक मांडवाच्या पत्र्यावर आपटला. समदी हसली, म्हणली, दामू जेवताना पन गाडी थांबवतोय. मला घास उतरंना. मंग दोन थापा मारल्या, तवा कुठं बरं वाटलं. पन चैन पडंना, म्हून तुमच्या घरी आलो. अंगणात ताके दिसले, गाडी न्हाय..."

मी माझ्या बाजूचं सगळं सांगितलं. ते आपला हात उलटासुलटा करून बघायला लागले.

नंतर मी बऱ्याच जणांना विचारलं. योगायोग, म्हणतात. असेलही. पण अकलोलीच्या मांडवातली थाप माझ्या गाडीत कशी ऐकू आली, हे आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. मला तर अजिबात कळलेलं नाही, आणि हे कबूल करायची मला लाज वाटत नाही. पुढे मला मुलगा झाला. सासूबाईंनी त्याला अंगाखांद्यावर खेळवलं.