बनुबाईंचा कोल्हारचा बोकड

बनुबाईंना आपण ओळखत होतो, असं मच्छिंद्र सरांना छातीठोकपणे कधी म्हणता आलं नाही. संगमनेरच्या कडेला दोघांची घरं शेजारी, मध्ये एक फाटक. बारा वर्षांत जे बोलणं झालं ते त्या फाटकावरच, तेही बहुतेक वेळा शेळ्यांनी सरांची जास्वंद खाल्ली म्हणून. बाई एकट्या राहतात आणि बावीस शेळ्या राखतात, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांच्या नवऱ्याचं नावसुद्धा सरांनी कधी विचारलं नव्हतं.

एका गोष्टीत मात्र बाई काटेकोर. दर दोन वर्षांनी कळपातला बोकड कोल्हारला भावाकडे, पुंजारामकडे न्यायचा आणि त्याच्याकडचा आणायचा. बापाची गाठ लेकींशी पडू नये, ही त्यांच्या सासूची शिकवण.

यंदा अकरा करडं झाली. त्यांतल्या दोघांचा खालचा जबडा आखूड निघाला, आचळ तोंडात धरता येईना. एक तिसऱ्या दिवशी गेलं. दुसऱ्याला बाई बाटलीने पाजू लागल्या. दोन्ही तांबडीची, म्हणजे कळपातल्या सगळ्यात दुभत्या शेळीची. गल्लीने निकाल देऊन टाकला की खोट तांबडीतच आहे. बाईंनीही मान डोलावली. येत्या बाजारी तांबडी खाटकाकडे जायची होती.

सरांचं कशात लक्ष लागेना. तीस वर्षं त्यांनी कॉलेजात आनुवंशिकता शिकवली होती. असा जन्मजात आखूड जबडा बहुधा सुप्त गुण असतो, आणि सुप्त गुण आई आणि बाप अशा दोघांकडून आला तरच दिसतो. एकाकडूनच आला तर जनावर धडधाकट दिसतं आणि गुण आत दडून राहतो. माळावर असं करडू जगत नाही, तरी निसर्गनिवडीला तो गुण पुरता काढून टाकता येत नाही, कारण तो धडधाकट अंगांतून पुढे सरकत असतो. पण हे सगळं त्यांनी फळ्यावर, वाटाण्यांवरून सांगितलेलं. शेळी त्यांनी आयुष्यात पाळली नव्हती. आपलं चुकलं तर? तीन दिवस ते फाटकापर्यंत जात, कडीला हात लावत आणि माघारी येत. पेपर उघडला तरी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत.

बाजाराच्या आदल्या सकाळी बाई तांबडीच्या गळ्यातली घंटा सोडताना दिसल्या, तेव्हा कुठे कडी निघाली.

सरांनी अडखळत सांगितलं की दोष एकट्या आईचा असूच शकत नाही, बोकडाकडूनही आलेला असणार.

"बोकड कोल्हारचा हाय, सर. त्याचं रगात येगळं."

"त्याचा बाप कोणता?"

"आता बोकडाचा दाखला काढू का तहसीलातून?" बाई हसल्या. मग घंटेवरचा हात थांबला. भाचीच्या, पुंजारामच्या मुलीच्या लग्नात आहेर म्हणून त्यांनी एक करडू नेलं होतं, आपल्याच जुन्या बोकडाचं. पुंजारामने ते वाढवलं. आता अदलाबदलीत आला होता तो त्याचाच मुलगा. आणि तांबडीही त्याच जुन्या बोकडाची लेक.

"मीच दिलं हुतं," त्या हळूच म्हणाल्या आणि घंटा परत बांधू लागल्या.

तांबडी राहिली, बोकड गेला. शिर्डीकडून दुसरा आणला, त्याच्या आज्यापणज्याची चौकशी करून. तांबडीत तो गुण राहणारच, तिच्या काही लेकींतही उतरला असेल, असं सरांनी बजावलं तेव्हा बाई म्हणाल्या, मग त्यांच्यावर लक्ष ठेवू. पुढच्या वेताला नऊ करडं झाली. बाईंनी एकेक फाटकावर आणून तोंड उघडून दाखवलं. नऊही जबडे सरळ होते. तरी सरांना वाटतच राहिलं की पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं.

उन्हाळ्यात बाईंना ताप आला आणि चौथ्या दिवशी त्या गेल्या. तापाच्या आदल्या संध्याकाळी शेळ्या आत घेताना त्या फाटकापाशी थांबल्या होत्या.

"सर, कडी लावून घ्या. तांबडीचा डोळा जास्वंदीवर हाय."

"लावतो," सर म्हणाले.