वन्संनी वाया घालवलेला अर्धा सेकंद

लातूर आणि नांदेड हे दोन्ही जिल्हे मिळून आमच्या वन्संइतका वेळ वाचवणारं माणूस झालेलं नाही, आणि वाचवलेला वेळ इतक्या भलत्या कामी लावणारंही दुसरं कोणी नसेल. मुलांनो, वन्सं म्हणजे माझ्या नणंदबाई, तुमच्या बाबांची नांदेडची आत्या. तुम्ही त्यांना एकदाच एका लग्नात पाहिलं आहे. पंगत अजून ताक मागत होती आणि त्या चपला घालून मांडवाच्या दारात उभ्या होत्या, त्याच त्या.

वन्संचा नांदेडला टायपिंगचा क्लास होता. अर्ध्या गावाच्या कारकुनांची बोटं त्यांनी वळवली. त्यांच्या हिशेबी माणसाचं आयुष्य म्हणजे उगाच उचललेली बोटं कमी करत जाणं. त्या पोळी लाटताना दुसरी तव्यावर आणि तिसरी ताटात असते, ताट वाढणाऱ्याच्या हातात असतं, आणि जेवणारा अजून हात धुवायलाही उठलेला नसतो. फोनवर त्या 'हॅलो' म्हणत नाहीत आणि 'ठेवते' असंही म्हणत नाहीत. काम झालं की आवाज बंद. सुरुवातीला मला वाटायचं आपल्या फोनमध्येच बिघाड आहे. मी दोनदा दुरुस्तीवाल्याला बोलावलं. फोन ठणठणीत होता.

एसटीचं तर विचारूच नका. गाडी फलाटाला लागायच्या आत वन्संचा रुमाल खिडकीतून आत पडलेला असतो. सगळा मराठवाडा रुमाल टाकून जागा धरतो, पण वन्संचा नेम असा की रुमाल नेहमी दाराजवळच्या, खिडकीकडच्या जागेवरच पडतो. एकदा मुखेडहून येताना एक धिप्पाड गृहस्थ त्या रुमालावरच बसले. "मावशी, मी हितं आधी आलो," ते म्हणाले. "तुमी आधी आले असाल," वन्सं म्हणाल्या, "पण माझा रुमाल तुमच्या आधी आला. उठा, चुरगळून राहिला तो." गृहस्थ उठले. मी मागे रांगेत उभी होते आणि मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं होतं. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. रांग मोडणाऱ्या मुलाला मी रांगेच्या शेवटी पाठवत असे.

आता मूळ तक्रारीकडे येते. तुमचे बाबा शाळेत होते तेव्हा त्यांच्याकडे टीव्हीला जोडायचा एक खेळ होता. पाठीवर गाठोडं घेतलेला एक बुटका माणूस डावीकडून उजवीकडे पळतो, खड्डे ओलांडतो आणि शेवटी किल्ल्याचं दार उघडतो, एवढीच गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबा आत्याकडे नांदेडला जात आणि हा खेळ सोबत नेत. पुढे बाबा आधी पुण्याला, मग तिकडे समुद्रापार गेले. खेळ आत्याच्या माळ्यावर राहिला. क्लास बंद झाल्यावर वन्संनी तो खाली काढला. रिकामपणी लोक पत्ते खेळतात, या खेळल्या तर माझं काय जातं? पण वन्सं खेळत नाहीत. त्या खेळ संगणकात घालतात आणि थांबवून ठेवतात. एका सेकंदाचे साठ तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यात कोणतं बटण दाबायचं ते बसून ठरवतात. चुकलं की मागे जातात आणि तोच तुकडा पुन्हा करतात. असं महिनोन्‌महिने चालतं. मग ही सगळी बटणं ओळीनं यंत्राला देतात, आणि वन्सं हाताची घडी घालून बसतात, यंत्र खेळतं. कोणत्याही मानवी हाताला जमणार नाही इतक्या वेगात तो बुटका किल्ल्यावर पोचतो.

"म्हणजे ही फसवणूक झाली," मी म्हणाले.

"फसवणूक कशी वैनी? वर साफ लिहिलेलं असतं, यंत्रानं खेळलं म्हणून. कॉपी करणारं पोरगं पेपरावर लिहितं का, मी कॉपी केली म्हणून?"

मी चहा टाकायला गेले.

परदेशात दरवर्षी या खेळांचा एक मेळा भरतो. लोक आठवडाभर, दिवसरात्र जुने खेळ झटपट संपवून दाखवतात, बघणारे घरबसल्या दान देतात आणि ते पैसे इस्पितळांना जातात. दानाचा भाग मला मान्य आहे. त्यात थोडा वेळ यंत्रानं खेळलेल्या खेळांसाठी राखलेला असतो. तिथं कोणता खेळ दाखवायचा, हे जगभरातली मंडळी आधी आपसात वाद घालून ठरवतात. त्या मंडळींत आमच्या वन्सं आहेत. यंदा प्रत्येकानं एकच खेळ पाठवायचा होता आणि वन्संकडे त्या बुटक्याचेच दोन तयार होते, दोन वेगवेगळ्या वाटांचे. निवड करायला त्या रुमाल टाकून लातूरला आमच्याकडे आल्या. शिवाय इंग्रजीसाठी त्यांना मी हवी होते. वन्संनी आयुष्यभर भराभर इंग्रजी टाइप केलं, पण दुसऱ्याचं.

मुलगी बघायला बसतात तशी आमच्या बैठकीत माणसं बसली. मी मुरमुरे भिजवून सुशीलाची, म्हणजे मुरमुऱ्यांच्या उपम्याची, तयारी केली होती. तुमचे आजोबा बहिणीच्या बाजूनं मत ठरवूनच बसले होते. शेजारच्या काकू, म्हणजे ज्या मूळच्या मुरुडच्या आहेत आणि बोलावलं नाही तरी येतात त्या, अगदी पुढे बसल्या.

पहिल्या खेळात बुटका माणूस पहिल्याच दालनाच्या कोपऱ्यात भिंतीवर डोकं आपटत राहिला, थरथरला, भिंतीत शिरला आणि थेट किल्ल्याच्या दारात बाहेर पडला. खेळ संपला. काकूंनी बशी अजून हातातही घेतली नव्हती.

"अय माय, भितीतूनच गेलं की वं," काकू म्हणाल्या. "आन् मधलं समदं?"

"मधलं लागतच न्हाई," वन्सं म्हणाल्या.

"हे बरंय. आमच्या सुनंला शिकवा, सैपाकाला लई येळ लावती."

मी संतापले. प्रश्नपत्रिका न सोडवता निकाल हातात घेण्याचा हा प्रकार होता, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. वन्सं शांतपणे म्हणाल्या, "फट खेळ बनवणाऱ्यांनी ठेवली वैनी. मी फकत धुंडली."

दुसऱ्या खेळात मात्र तो सगळ्या दालनांतून सरळ मार्गानं गेला. देखणा होता तो खेळ, हे मला नाइलाजानं मान्य करावं लागतं. बुटका एकदाही अडखळला नाही. टांगलेल्या पाळण्यापाशी तेवढं त्याला थांबावं लागलं, कारण पाळणा त्याच्या वेळेनंच खाली येतो, तिथं वन्संचंही काही चालत नाही. पुढे शेवटचा मोठा खड्डा आला. आणि तिथं, काही कारण नसताना, बुटका उभा राहिला, दोनदा खाली वाकला आणि मग त्यानं उडी मारली.

"इथं चूक आहे," मी म्हणाले. इतक्या वर्षांच्या वह्या तपासण्याची सवय आहे मला.

"चूक न्हाई ती," वन्सं म्हणाल्या आणि बश्या गोळा करायला लागल्या. काकूंचं खाणं व्हायचं होतं, तरी त्यांचीही उचलली.

दोन्ही खेळ त्यांनी मंडळींना दाखवले. निवड करणाऱ्यांपैकी एकाचं उत्तर आलं, ते मी वाचून दाखवलं. पहिल्याच ओळीत वन्संना 'सर' म्हटलं होतं. माझं डोकं तिथंच तापलं, पण मी पुढे वाचलं. दुसरा खेळ उत्तम आहे, पण खड्ड्यापाशी दोनदा वाकण्यात अर्धा सेकंद फुकट जातो आणि यंत्राच्या खेळात असं चालत नाही. तुम्हाला गंमत म्हणून वाकवायचंच असेल तर पाळण्याखाली वाकवा, तिथं नाहीतरी थांबायचं असतं. ते जमत नसेल तर भिंतीतला खेळ द्या, तो आम्ही लगेच घेतो.

"साधी गोष्ट आहे," मी म्हणाले. "हलवा की ते वाकणं पाळण्याखाली."

वन्संनी रुमालाची घडी घातली, मोडली आणि तीच घडी पुन्हा घातली. त्यांच्या बाबतीत हे इतकं नवलाचं होतं की तुमच्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"ते वाकणं न्हाई वैनी, नमस्कार हाय," त्या म्हणाल्या. "पोरगं सुट्टीत आलं की या खड्ड्यात हमेशा पडायचं. मग त्यानं तरीका काढला. खड्ड्याशी थांबायचं, दोन नमस्कार करायचे, मगच उडी. मी म्हटलं, दोन कशाला रे? म्हणला, एक देवाला आन् एक आईला, न्हाईतर आई रागावते."

आमच्या घरी देवाला आणि मोठ्यांना नमस्कार केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हा नियम माझाच. तो तुमच्या बाबांनी नांदेडला नेऊन एका गाठोडेवाल्याला लावला होता, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

"तो बघतो हा मेळा दर साली," वन्सं पुढे म्हणाल्या. "एकदा फोनवर बोलला होता. खेळ कुणाचा ते त्याला कळू नये. खड्ड्यापाशी आला की त्याच्या त्यानं ओळखायचं. एवढंच होतं."

मग मात्र मी पदर खोचला. नमस्कार काय पाळण्याची वाट बघताना उरकायची गोष्ट आहे? फावल्या वेळात केला तर त्याला नमस्कार म्हणतात का? मी त्या गृहस्थांना कळवलं की उंबऱ्यावरचा नमस्कार उंबऱ्यावरच होतो, तो बसथांब्यावर करून चालत नाही. हा अर्धा सेकंद खेळणाऱ्याच्या हातून सुटलेला नसून त्यानं समजून-उमजून दिलेला आहे, हेही लिहिलं. आणि तुम्ही ज्यांना 'सर' म्हणता त्या आमच्या नणंदबाई आहेत. मी सांगत होते, वन्सं टाइप करत होत्या. "वैनी, लई लांब होऊन राहिलं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बोटं चालवा.

उत्तर सभ्य होतं. 'मॅडम' लिहून आलं. नियम मात्र नियम आहे, तुमची भावना कळते, दोन्हींपैकी कोणता ते ठरवून पाठवा. मुलांनो, मी नियमाची बाई आहे, पण इतका बिनडोक नियम मी कुठल्या शाळेत पाहिला नाही. वन्संनी एका दमात दुसरा खेळ पाठवला, खड्ड्यापाशीच्या दोन्ही नमस्कारांसकट. तो घेतला गेला नाही. मेळ्यात कोणाचा तरी माणूस भिंतीतून गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पूर्ण पाहिलं आणि एकही टाळी वाजवली नाही.

"भिंतीतला दिला असता तर निदान निवड झाली असती," मी वन्संना म्हणाले.

"त्यात खड्डा कुठंय?" त्या म्हणाल्या. पुतण्याला थेट पाठवून द्या म्हटलं, तर तेही नको. सांगून दाखवलेल्यात काय मजा, म्हणाल्या.

मी कोणाला काही सांगणार नाही असं कबूल केलेलं नाही. तो नमस्काराचा खेळ सोबत पाठवते आहे. रविवारी बाबा निवांत असतील तेव्हा लावा. हे कुठून आलं ते बोलू नका. पाळण्यापाशी तो थांबेल, तिथं घाई करू नका. शेवटचा खड्डा आला की पडद्याकडे बघू नका, बाबांच्या तोंडाकडे बघा, आणि काय दिसलं ते मला लगेच कळवा.

कारण हल्ली वन्सं रोज संध्याकाळी फोन करतात. नळाला पाणी आलं का विचारतात, काकूंचा गुडघा कसा आहे विचारतात, तिकडून पोरांचा काही फोन होता का विचारतात. मी नाही म्हणते. मग काम झालेलं असतं, तरी त्या फोन ठेवत नाहीत.