शेवटचं ताट

रेश्माचा फोन आला तेव्हा मी औशाच्या स्टँडवर लातूरच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. "सर, अक्का गेल्या," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "पोरं पंगतीला बसल्यात. वाढू का थांबू?" अशा वेळी काय सांगायचं असतं, मला अजून ठाऊक नाही. मी 'वाढ' म्हणालो. फोन ठेवल्यावर वाटलं, 'थांब' म्हणायला हवं होतं का... काही आठवडे झाले, माझं अजून असंच चाललंय.

अक्का म्हणजे महादेवी. देवणीच्या किराणा दुकानदाराची मुलगी, कॉलेजात माझ्याच वर्गात. क्लाससाठी लातूरला आलेली पोरं मेसचं पाणचट वरण पिऊन दिवस काढताना पाहिली आणि हिचं डोकं फिरलं. आम्हा चारसहा जणांना गोळा करून तिनं 'ताटभर' सुरू केलं. एक भाड्याचा हॉल, दोन शेगड्या. कुणीही यावं, जेवावं, भांडी घासावीत. आणि दुपारी मेसवाल्याशी, रेशन दुकानदाराशी, शाळेतल्या खिचडीवरून भांडायला सोबत यावं. "दान म्हणलास तर पळी घालीन डोक्यात," असं ती मला एकदा सगळ्यांसमोर म्हणाली होती. नियम दोनच. प्रमुखानं सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, आणि तिशी उलटली की पद सोडायचं. दुसरा नियम शोभेचा आहे, अशी आमची समजूत होती.

तिशी उलटली आणि तिनं खरंच पद सोडलं. तेही कुणाला दिलं, तर मुखेडच्या रेश्माला. ही परीक्षेत नापास होऊन इथंच भाज्या चिरत राहिलेली. "अगं, ती पोरगी आहे अजून," मी म्हणालो. "मग? संस्था पोरांचीच हाय की," असं म्हणून ती कांदे सोलायला बसली. संस्था मोडणार, असं मला मनापासून वाटलं.

संस्था मोडली नाही, पण भलतंच झालं. प्रमुख म्हणून रेश्मानं शेवटी जेवायचं, आणि अक्काला तर वर्षानुवर्षांची सवय. पंगत उठली की दोघी भिंतीला टेकून उभ्या. "अक्का, तुमी बसा." "तू बस आधी." भाकरी वाळून जायची, पण एकही बसायची नाही. अन्नाच्या हक्कासाठी गावभर भांडणाऱ्या संस्थेच्या आजीमाजी प्रमुख उपाशीच घरी जायच्या. आम्ही पोट धरून हसलो. नंतर रेश्मा हसेनाशी झाली. "त्यांना माझा भरवसा न्हाई सर. पद दिलं, पण शेवटचं ताट काई सोडंनात." मी अक्काला विचारलं. "सवय हाय रे," म्हणाली. खरंच सवय होती, की रेश्माला आलेली शंका खरी होती? मला तेव्हा कळलं नाही आणि आताही सांगता येणार नाही.

मग आजार निघाला आणि अक्का नांदेडला दवाखान्यात गेली. आता ती नाही. देवणीला माती देऊन आलो, त्या आठवड्यातच रेश्मा म्हणाली, "सर, मी सोडते. ज्यांनी दिलं त्यांचाच ईस्वास नव्हता, तर मी कुणाच्या जिवावर चालवू?" तिनं सोडलं तर हॉलला कुलूप लागणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

आणि मग दवाखान्यातली अक्काची शेवटची भेट आठवली. रेश्मा लातूरहून डबा घेऊन आली होती. तो खाटेवर ठेवून ती औषधं आणायला खाली गेली. अक्कानं डबा उघडला आणि शेंगदाण्याच्या चटणीशी भाकरी खायला लागली. "अगं, ती पोरगी सकाळपासून उपाशी आहे," मी म्हणालो. "खाईल की. शेवटी खायचं काम तिचं हाय आता," भरल्या तोंडानं म्हणाली, आणि अख्खी भाकरी संपवली. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. तिला चालू असलेल्या गोळ्यांनी भूक फार लागते, असं डॉक्टर म्हणाले होते. मग तिनं शेवटचं ताट खरंच सोडलं होतं, की नुसती भूक लागली होती आणि मला गप्प करायला ती काहीतरी बोलली?

परवा मी हे सगळं रेश्माला सांगितलं. गोळ्यांचंही सांगितलं.

"म्हंजी नेमकं काय, सर?"

"मला नाही माहीत, रेश्मा."

पंगत उठली होती. ती उठून दारापर्यंत गेली, कुणी यायचं राहिलंय का ते रस्त्यावर पाहून आली. अक्का रोज पाहायची तसंच. फळीवरून अक्काचं काठाला पोचा आलेलं ताट काढलं, त्यात पिठलं-भाकरी घेतली आणि भिंतीपाशी अक्काच्या जागी बसली. घास मोडणार तोच थांबली.

"तुमी जेवलात का?"

मी नाही म्हणालो.

"मग बसा आधी," म्हणाली, आणि ते ताट तिनं माझ्यापुढं सरकवलं.