अंगचोर नत्थुजीचा उजवा हात

भातकुलीकडच्या नत्थुजीले अख्खं गाव अंगचोर म्हने. गावाचं सोडा, त्याची बायको मनकर्णाच समद्याइच्या आधी म्हने. दोन एकराचं भाजीचं वावर होतं त्याइचं. वांगे, पालक, सांबार-कोथमीर, जे लावलं थे येत होतं. अन् मानूस कसा? उंचापुरा, छाती भरेल, दंड पाहसान तं पयलवानाचा. पन तोच दंड कामाले नाई.

फवारनीचा पंप पाठीवर घेतला अन् उजव्या हातानं दांडा माराले लागला, का दोन तासं होत नाई तं पंप खाली. मंग वावराच्या धुऱ्यावर बसे अन् डाव्या हातानं उजवा दंड दाबत राहे.

"हातात मुंग्या आल्या वो," म्हने.

"मुंग्या नाई आल्या, मस्ती आली," मनकर्णा म्हने. लुगडं खोचे अन् पंप आपल्या पाठीवर घे.

आटोत भाजीचे गठुडे टाकाचे असले तरी तसंच. डाव्या हातानं उचले, उजवा नुसता लावे. मोठा भाऊ शेषराव ओट्यावरून वरडे, "अबे, उजवा हात लग्नात सासऱ्याले देऊन आला काय?" लोकं हासत. मनकर्णाही हासे. नत्थुजीही हासे, अन् तेच वाईट झालं. हासनाऱ्या मानसाले दुखून राह्यलं असं कोनाले वाटन?

एकडाव तिनंच त्याले अमरावतीले नेलं. डाक्टरनं खांद्यापासून कोपरापर्यंत फोटो काढला, उजेडात धरला अन् म्हनला, "हाड एकदम चांगलं हाय." झालं. तो फोटो तिनं घरी खुटीले टांगला. नत्थुजी हात धरून बसला का ती फोटोकडं बोट दाखवे. बोलाचीही गरज नाई.

मंग कोनी म्हनलं, वात असन, डाग द्या. हाही मनकर्णाचाच हट्ट. दंडावर बिब्ब्याचे तीन डाग देल्ले. नत्थुजीनं हूं का चूं केलं नाई. आठ-दहा दिवस फोड वाहत होते. फोड भरले, मुंग्या काई गेल्या नाई. पन त्या दिवसापासून त्यानं सांगनंच सोडलं. हात दाबाचा असला का गोठ्यामागं जाऊन दाबे. मनकर्णाले वाटलं, डागानं गुन आला.

त्याचा भाचा गोपाल अकोल्याले डाक्टरकीच्या कॉलेजात शिपाई. मेल्यावर दान देल्लेले देह जिथं ठेवते अन् पोरंपोरी कापून शिकते, त्या खोलीत त्याची नोकरी. दिवाईले आला तं जेवता जेवता सांगत होता, "मामा, ते पोरं एक-एक शीर मोकयी करून पायते. दोऱ्याएवढीही सोडत नाई."

नत्थुजीनं हातातला घास ताटात ठेवला. "फोटोत नाई दिसत, थेही दिसते?"

"समदं दिसते."

"मंग माहा फारम भर."

मनकर्णा तडकली. "काहून? आमच्यानं तुमच्यासाठी चार लाकडं जमनार नाई काय?"

"तसं नाई वो. जितेपनी कोनी मानलं नाई. मेल्यावर तरी पाहू द्या उघडून. निंगालं तं निंगालं. नाई निंगालं, तं तुमचं खरं."

मागच्याच्या मागच्या माघात, सकायी चहा पेता पेता त्याच्या छातीत दुखलं अन् तो गेला. दुपारून अकोल्याच्या कॉलेजाची गाडी दारात आली. गाडीचं दार लागलं तसा शेषराव म्हनला, "लेकाच्यानं मरतानाही अंग चोरलं. सरनालेही देल्लं नाई." चार जन हासले. मनकर्णाच्याही मनात तेच होतं.

वर्स होऊन वर काई महिने गेले, अन् गोपालचा फोन आला. "मामी, कॉलेजातल्या डाक्टर मॅडमनं बलावलं. मामाच्या हातात काईतरी निंगालं."

अमरावतीहून ती अकोल्याच्या एसटीत बसली. मूर्तिजापूर गेलं तरी तिले समजेना, देवाले काय मांगावं. मोठं काई नसन, तं नत्थुजी खोटा. असन, तं आपन.

मॅडम तिच्या लेकीच्या वयाची. तिनं खुर्ची जवय वढली अन् आपलीच बाही वर केली. "हे पाहा आजी. दंडाच्या या स्नायूला वरून दोन मुळं असतात. यांना तीन होती, जन्मापासूनच. तिसऱ्याची एक पट्टी शिरेवरून गेली होती. हाताला जाणारी शीर तिच्याखाली दबून चपटी झाली होती. असा फरक बऱ्याच जणांत असतो, त्यांना कधी कळतही नाही. पण यांना जोर लावला की त्रास होत असणार."

"फोटोत तं काई नव्हतं."

"त्या फोटोत हाड दिसतं. शीर नाही दिसत."

"म्हंजे थे खोटं नव्हते बोलत?"

"नाही आजी."

"अन् आमी डाग देल्ले थे?"

"त्यानं काही होणार नव्हतं. ती पट्टी कापून शीर मोकळी करता आली असती कदाचित."

गोपाल दारात उभा होता.

मॅडमनं कागद समोर घेतला. "हे आम्ही लिहून ठेवतो, पुढच्या डॉक्टरांना उपयोगी पडतं. शीर आम्ही पाहिली, पण त्यांना काय व्हायचं ते तुम्हीच सांगू शकता. कोणती बोटं बधिर व्हायची? अंगठ्याकडची की करंगळीकडची?"

मनकर्णानं आपला उजवा हात पुढं केला. अंगठा धरला. सोडला. मधलं बोट धरलं.

"मुंग्या किती वेळ राहायच्या? जेवताना घास नीट धरता यायचा?"

पस्तीस वर्सं तिनं त्या हाताले ताट वाढलं होतं. तिनं मधलं बोटही सोडलं.

"थे सांगत होते वो मॅडम," ती म्हनली. "कोनतं बोट म्हून मीच कधी इचारलं नाई."

मॅडमनं खाली पाहून काईतरी लिहलं. मनकर्णाले वाचता येत नव्हतं.

"काय लिहलं रे, गोपाल?"

गोपाल पुढं आला. कागद वाचला अन् पालथा ठेवला.

"सांग ना."

"पत्नीला माहीत नाही, असं लिहलं मामी."